यादीतली अकरावी ओळ

गजानन, तुझी यादी आता माझ्याकडे नाही. ती कुठे आहे ते शेवटी सांगते. आधी बाकीचं क्रमानं सांगू दे. क्रम सुटला की मला काही लिहिता येत नाही, हे तुला माहीत आहे.

तू जाऊन आज सोळा दिवस झाले. या दिवसांत मी बरीच कामं उरकली. तुझी सायकल धुऊन, साखळीला तेल देऊन तुझ्या बायकोकडे, सविताकडे, पोचवली. पोहण्याचा चष्मा, टोपी, बुटांचे दोन जोड मोजून पिशवीत भरले आणि तिच्या हातात दिले. तुझ्या कार्यालयाला लागणारे कागद दोन प्रतींत तयार केले. स्पर्धा भरवणाऱ्यांना जे लेखी कळवायचं होतं ते कळवलं. प्रत्येक कामापुढे बरोबरची खूण केली. एकच काम राहिलं होतं. दवाखान्याच्या व्हरांड्यात तुझ्या आईनं, याडीनं, माझं मनगट धरून विचारलं होतं, "बाई, माहा गजू तहानलेलाच गेला का वं?"

मी म्हणाले, डॉक्टर सांगतील. डॉक्टरांनी जे सांगितलं ते मला आणि सविताला सांगितलं. याडीला कोणीच काही सांगितलं नाही. उत्तर मला ठाऊक होतं. ते तिच्यापर्यंत न्यायला मला बारा दिवस लागले.

तू पहिल्यांदा दिसलास तो आमच्या लोहाऱ्याच्या सूतगिरणीबाहेर. मी तिथलं भांडार सांभाळते. खिळ्यापासून मोटारीपर्यंत काय आलं, काय गेलं, काय संपत आलं, याच्या नोंदी हेच माझं काम. त्या दुपारी खांबावर जाळ झाला आणि अख्खी गिरणी बंद पडली. वीज कंपनीकडून तू आलास, खांबाकडे पाहिलंस आणि खाली उकिडवा बसलास. मॅनेजर ओरडायला लागले, "अरे बाबा, तार तुटून खाली पडली आहे. मेलेलीच आहे ती. चढ ना."

तू बसल्या जागेवरून म्हणालास, "मेलेली दिसते जी. पण दिसण्यावर चढलो असतो तर आतापर्यंत माहाच फोटो भिंतीवर लागला असता. परमिट येऊ द्या."

मागून लाइन बंद केल्याचा लेखी परवाना म्हणजे परमिट, हे मला तेव्हा कळलं. तो यायला चाळीस मिनिटं लागली. चाळीस मिनिटं तू शिव्या ऐकत शांत बसलास. कागद आल्यावर खिशातून टेस्टर काढून तार पुन्हा एकदा तपासलीस आणि मगच चढलास. मला फार बरं वाटलं होतं. या जिल्ह्यात कागदावर विश्वास ठेवणारा आणखी एक माणूस आहे, असं मनात आलं होतं.

नंतर धरणावर भेटलास. माझ्या गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी पोहायला सांगितलं होतं आणि मी सेहेचाळिसाव्या वर्षी कमरेइतक्या पाण्यात उभी राहून हातपाय मारत होते. तू सकाळचं पोहणं आटोपून कपडे पिळत होतास. बराच वेळ पाहिलंस आणि म्हणालास, "ताई, पाण्याशी कायले भांडून राह्यल्या? थे तुमाले काहीच करत नाई. तुमीच त्याले लाथा मारून राह्यल्या."

त्या दिवशी तू मला पाठीवर तरंगायला शिकवलंस. मी डोळे मिटून दर दहा सेकंदांनी विचारत होते, "हात आहे ना पाठीखाली?" तू दरवेळी म्हणत होतास, "हाय जी." शेवटी डोळे उघडले तर तू काठावर बसून मिशरी लावत होतास. मी चिडले. तू म्हणालास, "मी हाय म्हणलं. कुठं हाय थे तुमी इचारलंच नाई." माझ्या आयुष्यात मी कशावर टेकल्याशिवाय इतका वेळ कधी राहिले नव्हते. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहून गेले. आपण एकमेकांचे आभार मानणारी माणसं नव्हतो. चुका काढणारी होतो.

ट्रायथलॉनचं खूळही तुझंच. फोनवर जाहिरात दाखवून म्हणालास, "पोहा, सायकल चालवा, पळा. हे तिन्ही आपण रोजच करतो. इथं वरून टी-शर्ट बी भेटते." मी छोट्या अंतराला नाव दिलं, तू मोठ्या. दोन किलोमीटरच्या आतलं पोहणं, नव्वद किलोमीटर सायकल, एकवीस पळणं.

ती पहिली स्पर्धा फेब्रुवारीच्या शेवटी होती आणि ऊन आधीच एप्रिलचं पडलं होतं. पळताना चौदाव्या किलोमीटरला तू रस्त्याच्या कडेला बसलास आणि उठला नाहीस. मी धावत आले तेव्हा तुझे ओठ पांढरे पडले होते, जीभ टाळूला चिकटली होती. दिवसभरात तू दोन बाटल्यासुद्धा संपवल्या नव्हत्या. तंबूत सलाईन लावल्यावर तासाभरानं बोललास. "ट्रान्सफॉर्मर उडाला, ताई."

मी विचारलं, पाणी का नाही प्यायलास? तू म्हणालास, खांबावर चढणारा माणूस पाणी कमीच पितो. लघवीला कोण खाली उतरणार? वीस वर्षांची सवय आहे. तहान लागली की पितो, नाही लागली तर नाही पीत.

तिथून आपलं भांडण सुरू झालं. ते वर्षभर चाललं. तू म्हणायचास, तहान लागली की प्यावं. मी म्हणायचे, तहान लागेपर्यंत उशीर झालेला असतो. मी वाचलं होतं, ठिकठिकाणी ऐकलं होतं, आणि तुझे पांढरे ओठ डोळ्यांनी पाहिले होते. आणि मग एका रविवारी, घाटाच्या चढावर सायकली ढकलताना, मी ते भांडण जिंकले.

मी म्हणाले, "तार जिवंत आहे का मेलेली, हे तू अंदाजानं ठरवतोस का?"

"नाई जी."

"मग अंगातलं पाणी अंदाजानं कसं ठरवतोस?"

तू थांबलास. मग म्हणालास, "बरं. तुमी कागद द्या. माह्यासाठी थेच परमिट."

मला त्या क्षणी फार आनंद झाला होता. टेस्टर तर तुझ्याजवळ होताच, गजानन. तहान हाच टेस्टर होता. मी तो तुझ्या खिशातून काढून घेतला आणि हातात कागद दिला.

यादी चौदा ओळींची होती. दोन्ही बाजूंनी प्लास्टिक चढवून घेतली, म्हणजे घामानं भिजणार नाही. एक प्रत तुझ्या सायकलच्या दांडीला, एक माझ्या पॅडवर. आदल्या दिवशी किती पाणी, सकाळी उठल्यावर किती, पाण्यात उतरण्याआधी किती. त्यानंतर घड्याळ दर पंधरा मिनिटांनी वाजणार आणि वाजलं की बाटलीवरच्या पुढच्या लाल रेघेपर्यंत प्यायचं. रेघा मी स्वतः मार्करनं आखल्या होत्या, पाव लिटरला एक. सुरुवातीला मिठासाखरेची पूड होती यादीत. सरावात ती तुला मानवली नाही, दोनदा उलटी झाली, म्हणून मी ती ओळ खोडली आणि लिहिलं, 'फक्त साधं पाणी'. अकरावी ओळ होती, 'रस्त्यात कोणी काही दिलं तर घ्यायचं नाही.' कुठल्या तरी गावात कोणी थंडगार सरबत देईल, पोट बिघडेल, वर्षाची मेहनत वाया जाईल, असा त्यामागचा विचार. भांडारात मी असंच करते. नोंद नसलेला माल आत घेत नाही.

या जानेवारीत दुसरी स्पर्धा झाली. आभाळ भरलेलं होतं, वारा गार होता. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे मी उतरणार नव्हते, तुझ्या मदतीला होते. गाडी घेऊन ठरलेल्या ठिकाणी आधी जायचं, भरलेल्या बाटल्या द्यायच्या, रिकाम्या घ्यायच्या, किती वेळा प्यायलास ते विचारून खुणा करायच्या. सकाळी पाण्यातून बाहेर आलास तेव्हा कुडकुडत होतास. फेब्रुवारीच्या उन्हासाठी केलेली यादी जानेवारीच्या ढगांत चालते का, हा प्रश्न मला पडला नाही. तुला पडला.

सायकलच्या पहिल्याच थांब्यावर तू म्हणालास, "ताई, आज तहानच नाई लागून राह्यली."

"तहानीचं कोणी इचारलं तुले? रेघ पाह्य," मी तुझ्याच बोलीत म्हणाले.

तू हसलास आणि रेघेपर्यंत प्यायलास. मी खूण केली.

पांढरकवड्याच्या रस्त्याला तुमच्या तांड्याचं वळण लागतं, तिथे मी दुसरा थांबा ठेवला होता. कारण साधं होतं, तिथे गाडी लावायला झाडाखाली जागा आहे. मी उतरले आणि पाहिलं तर वळणावर याडी उभी. हातात झाकण घातलेली स्टीलची बरणी, दुसऱ्या हातात पेला. तुम्हा मायलेकांचं भांडण मला माहीत होतं. महिनाभरापूर्वी तिनं तुला चार माणसांत सुनावलं होतं, "पोरी लग्नाच्या झाल्या अन् हा बाप चड्डी घालून रस्त्यानं पळते." तू तेव्हापासून तांड्यावर गेला नव्हतास. ती रस्त्यावर येऊन उभी राहिली हेच तिचं बोलणं होतं. तिनं झाकण काढून मला दाखवलं. ताक होतं. मीठ घातलेलं, वर जिरं. "सकाळीच घुसळलं," ती म्हणाली. "यानं थंडावा येते."

तू आलास. वेग कमी केलास. तिनं पेला पुढे केला. तू बोट हलवलंस आणि पुढे आलास. दहा पावलांवर मी होते. माझ्यापाशी थांबलास, रिकामी बाटली दिलीस, भरलेली घेतलीस, आणि हळूच विचारलंस, "ताई, एक घोट ताक चालंल का? म्हातारी उभी हाय."

मी म्हणाले, "अकरावा नंबर काय आहे?"

शाळेतल्यासारखं तू म्हणून दाखवलंस, "रस्त्यात कोणी काही दिलं तर घ्यायचं नाही."

"मग?"

तू माझ्या बाटलीतलं पाणी रेघेपर्यंत प्यायलास. तिच्या देखत. मग पायडलवर पाय ठेवून मागे ओरडलास, "याडी, सांजच्याला येतो. तवा पेतो." नेमका तेव्हाच एक ट्रक गेला. तिला ऐकू गेलं नाही. ती पेला धरून तशीच उभी होती. मी खूण केली आणि गाडीत बसले.

परतीच्या वाटेवरही ती तिथेच होती. तू पलीकडच्या बाजूनं निघून गेलास.

पळायला लागलास तेव्हा धरणाच्या काठानं फेऱ्या होत्या, त्यामुळे मी एकाच जागी उभी होते आणि तू पुन्हा पुन्हा समोर येत होतास. पहिल्या फेरीला म्हणालास, पोट डुचमळतंय. दुसऱ्या फेरीला घड्याळाचा पट्टा दोन भोकं सैल केलास. "हात सुजल्यासारखे वाटून राह्यले." मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'पट्टा सैल केला.' लिहिलं आणि पाणी दिलं. तिसऱ्या फेरीला डोकं धरून आलास आणि माझ्यासमोर ओकलास. नुसतं पाणी पडलं. स्वच्छ, पेल्यातल्यासारखं. आणि मला, गजानन, फेब्रुवारी दिसला. पांढरे ओठ दिसले. मी म्हणाले, "अंगातलं पाणी गेलं, भरून काढ." तू मान हलवून नाही म्हणालास. मी बाटली तुझ्या तोंडाला लावली.

त्या दिवशी तू मला फक्त तेवढं एकदाच नाही म्हणालास.

शेवटची रेघ तू चालत ओलांडलीस. लोकांनी टाळ्या वाजवल्या, गळ्यात पदक घातलं. तू माझ्याकडे आलास आणि अगदी कामावरच्या आवाजात विचारलंस, "परमिट आलं का जी?" मला वाटलं, थट्टा करतो आहेस. मी हसलेसुद्धा. तू पुन्हा विचारलंस, आणि तुझ्या डोळ्यांत मी नव्हते. तंबूतल्या लोकांनी विचारलं, काय झालं? मीच सांगितलं, "गेल्या वर्षीसारखंच आहे, पाणी कमी पडलं याला." माझ्या आवाजात इतकी खात्री होती की कोणी आणखी काही विचारलं नाही. आणखी दोन पेले पाजले. मग तुझं अंग आखडलं, दातखीळ बसली, आणि झटके सुरू झाले.

गाडीतून आधी यवतमाळला, तिथून नागपूरला. स्पर्धेचा शेवट पाहायला आलेली सविता सगळी वाट तुझ्या पायाचे तळवे चोळत होती. पदक तुझ्या गळ्यातून काढायचं कोणालाच सुचलं नाही.

नागपूरच्या डॉक्टर बाईंनी विचारलं, दिवसभरात किती पाणी प्यायले, काही अंदाज? मी म्हणाले, अंदाज कशाला, नोंद आहे. आणि यादी पुढे केली. मला अभिमान वाटत होता, हे कबूल करते. त्यांनी ती घेतली. बोटानं खुणा मोजल्या. अठ्ठावीस. प्रत्येक खूण पाव लिटरची. वर सकाळचं वेगळं. मग शेऱ्याचा रकाना वाचला. पुन्हा वरपासून वाचलं.

"मॅडम, इतकी नीट नोंद आम्हाला कधी मिळत नाही," त्या म्हणाल्या, आणि मग खुर्ची ओढून माझ्याजवळ बसल्या. डॉक्टर खुर्ची ओढून जवळ बसले की काय असतं ते आपल्याला कळतंच.

रक्तातलं मीठ पातळ झालं होतं. पाणी कमी पडलं नव्हतं, जास्त झालं होतं. गार दिवस, घाम थोडा, वेग संथ, आणि तासामागून तास साधं पाणी. अशा वेळी शरीर ते बाहेर टाकू शकत नाही. हात सुजतात, डोकं दुखतं, ओकारी येते, माणूस भलतंच बोलतो, आणि मेंदूला सूज येते. वरवर पाहता ते पाणी कमी पडल्यासारखंच दिसतं. म्हणून लोक आणखी पाणी पाजतात. त्या हे माझ्याकडे न पाहता बोलल्या. मी विचारलं, एक पेला मीठ घातलेलं ताक प्यायला असता तर? त्या म्हणाल्या, एका पेल्यानं फरक पडला नसता. तेवढं पाणी न पिणं हाच उपाय होता. "पेशंटला तहान लागली होती का, हे कोणी विचारलं होतं का?" मी यादी परत घेतली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तू गेलास.

आपल्या सोबत पोहणाऱ्या, पळणाऱ्या मंडळींसाठी चार गोष्टी इथे लिहून ठेवते. तुझ्या नावानं दुसरं काही करता येण्याजोगं मला दिसत नाही. मी डॉक्टर नाही, त्यांनी मला जे समजावलं तेवढंच लिहिते. तहान लागली की प्या, आणि लागली नसेल तर कोणाच्या सांगण्यावरून पिऊ नका. उन्हात जितकं, सावलीत तितकंच, असं नसतं. लांबच्या सरावाआधी आणि नंतर वजन करा, वाढलेलं दिसलं तर तुम्ही जास्त प्यायला आहात. अंगठी किंवा पट्टा घट्ट व्हायला लागला तर बाटली खाली ठेवा. आणि कोणी भरपूर पाणी पिऊन ओकत असेल, भलतंच बोलत असेल, तर त्याला पाणी पाजू नका. दवाखान्यात न्या आणि किती प्यायला ते खरं सांगा. गेल्या वेळी काय झालं होतं ते सांगत बसू नका.

आता राहिलेलं काम.

बाराव्या दिवशी मी तांड्यावर गेले. सविता म्हणाली होती, याडी जेवत नाही, तुझ्या फोटोपुढे सकाळ-संध्याकाळ पाण्याचा तांब्या ठेवते आणि तो बदलत राहते. मी ओसरीवर बसले. ती समोर बसली, पदर डोक्यावरून पुढे ओढून. इकडचं तिकडचं काही न बोलता म्हणाली, "त्यानं माह्या हातचं ताक नाई घेतलं. तू पाह्यलं न?"

"पाह्यलं."

"राग होता त्याच्या मनात. महिनाभर आला नाई. अन् मी लाज टाकून रस्त्यावर उभी राह्यली तरी बोट हलवून गेला. तोंड सुकलं होतं त्याचं. तरी माह्या हातचं नाई घेतलं. असा तहानलेला अन् रागावलेला गेला माहा पोरगा."

तेव्हा मला कळलं की ती बारा दिवस कशासोबत बसली होती. आणि ते माझ्या एका ओळीमुळे होतं.

मी पिशवीतून यादी काढली. गाडी चालवताना पाठ केलेली वाक्यं सगळी विसरले. म्हणाले, "याडी, राग नव्हता. ते मी लिहून दिलं होतं. रस्त्यात कोणाकडून काही घ्यायचं नाही, असं. त्यानं मले येऊन इचारलं होतं, एक घोट घेऊ का म्हणून. मी नाई म्हणलं."

तिनं पदर मागे सारला.

"जाताना तो मागं वळून बोलला. ट्रकच्या आवाजात तुले ऐकू नाई आलं. सांजच्याला येतो म्हणे. तवा पेतो."

"सांजच्याला?"

"हो."

तिनं फोटोकडे पाहिलं. मग म्हणाली, "अन् तहान?"

"तहान नव्हती त्याला. पाणी जास्त झालं. मी पाजलं."

हे तिला पटलं नाही. तिची उमर डोक्यावर पाणी वाहण्यात गेली आहे, दोन हंड्यांत सात माणसं भागवण्यात. पाणी जास्त होऊन माणूस मरतो हे तिनं कुठे ठेवावं? तिनं दोनदा विचारलं, मी दोनदा सांगितलं. मी वाट पाहत होते की आता ती उठेल आणि मला ओसरीवरून खाली उतरायला सांगेल. मी त्यासाठी चपला जवळच काढल्या होत्या.

ती म्हणाली, "कोणती ओळ?"

मी बोट ठेवलं. तिला वाचता येत नाही. मी वाचून दाखवली. तिनं प्लास्टिकवरून अंगठा फिरवला.

"याच्यात माह्यं नाव हाय?"

"नाई. कोणी म्हणजे कोणीही."

"म्हंजे थे सगळ्यायसाठी होतं."

"सगळ्यायसाठी."

"मंग बरं," ती म्हणाली.

गजानन, ती मला काहीच बोलली नाही. माफ केलं असंही म्हणाली नाही, आणि मी मागितलीही नाही. तिनं फक्त म्हटलं, हा कागद माह्यापाशी ठेव. मला तो जाळायचा होता. त्याआधी बरेच दिवस मला तो जपून ठेवायचा होता, माझ्याविरुद्धचा पुरावा म्हणून. तिला तो वेगळ्याच कारणासाठी हवा होता. तिनं कनवटीची चुनाळ, चुन्याची डबी, काढली, चुन्याचं बोट अकराव्या ओळीच्या सुरुवातीला टेकवलं, म्हणजे पुन्हा शोधावी लागणार नाही, आणि यादी तुझ्या फोटोमागे खोचली. तांब्या उचलून त्यातलं पाणी अंगणातल्या तुळशीला घातलं. तो पुन्हा भरला नाही.

मी निघायला उठले. ऊन चढलं होतं. ती आत गेली, तीच स्टीलची बरणी आणि पेला घेऊन बाहेर आली. ओतण्याआधी हात थांबवून तिनं विचारलं, "तहान लागली का, बाई?"

मी खरोखर थांबून पाहिलं. घसा कोरडा होता.

"लागली," मी म्हणाले.

मग तिनं ओतलं.